पाच तारे, सात रिकॉल आणि दिरांचा आकडा

प्रश्न : आम्ही चार वर्षं वापरलेली प्लग-इन हायब्रिड कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर (पेट्रोलवर आणि प्लग लावून चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणारी छोटी एसयूव्ही) घ्यायच्या विचारात आहोत. रोजचं जाणं-येणं तीस किलोमीटरच्या आतलं आहे, म्हणून ही गाडी मनात भरली. जाहिरातीत सुरक्षिततेचे पाच तारे झळकतात, पण शोध घेतला तर त्याच मॉडेलचे सात रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) निघाले आणि त्यातला एक बॅटरीचा. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, हायब्रिड गाड्याच सगळ्यात जास्त पेटतात. लाखात जवळपास साडेतीन हजार. इलेक्ट्रिक फक्त पंचवीस." यजमानांचं म्हणणं, पाच तारे आहेत ना, मग विषय संपला. मागच्या सीटवर सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी बसणार. गाडी रात्री घराखालच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला लागणार. कुणाचं ऐकू?
– दोघांच्या मध्ये सापडलेली

उत्तर :

ताई, इतक्यात कुणाचंच ऐकू नका. दीर मुद्दाम घाबरवत नाहीत, आणि यजमानांचे पाच तारेही खरेच असतील. पण गाडीच्या सुरक्षिततेबद्दल जे काही कानावर येतं, त्याला आधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो दोघांनीही विचारलेला दिसत नाही: हे नेमकं कुठल्या गाडीबद्दल आहे? जगातल्या सगळ्या हायब्रिडबद्दल, या मॉडेलबद्दल, या मॉडेलच्या प्लग-इन प्रकाराबद्दल, की ज्या एका गाडीची किल्ली तुमच्या हातात पडणार आहे तिच्याबद्दल? (तुम्ही मॉडेलचं नाव कळवलं होतं, ते मुद्दाम छापलेलं नाही. नाव दिसलं की निम्मे वाचक पुढचं न वाचताच मत देऊन मोकळे होतात.)

दिरांचा आकडा आधी घेऊ, कारण तो पटकन निकालात निघतो. दर लाख विक्रीमागे हायब्रिड ३,४७५, पेट्रोल १,५३० आणि इलेक्ट्रिक २५ आगी, असं हे त्रिकूट बरीच वर्षं फिरतंय. त्याचा उगम विम्याचे दर तुलना करून देणाऱ्या एका अमेरिकी संकेतस्थळात आहे. सोबत एनटीएसबी या अमेरिकेच्या वाहतूक अपघात तपास मंडळाचा हवाला असतो. गंमत अशी की रस्त्यावरच्या वाहनांच्या आगींची अशी यादी आपण ठेवतच नाही, हे त्या मंडळानेच सांगून टाकलंय. हवाला सोडा, नुसतं गणित मांडा. लाखात ३,४७५ म्हणजे साधारण एकोणतीस गाड्यांमागे एक. टोयोटाची प्रियस १९९७ पासून विकली जाते आणि जगभर हायब्रिड गाड्या टॅक्सी म्हणून रात्रंदिवस धावतात. एकोणतिसात एक पेटत असती, तर टॅक्सीवाल्यांनी त्यांना हात लावला नसता आणि विमा कंपन्यांनी दारातही उभं केलं नसतं. शिवाय आगी मोजायच्या रस्त्यावरच्या जुन्या-नव्या गाड्यांच्या आणि भागायचं विक्रीने, हा भागाकारच बसत नाही. त्यात साधी हायब्रिड आणि प्लग-इन असा भेदही केलेला नाही, आणि तुमच्या प्रश्नात तोच भेद महत्त्वाचा आहे. साध्या हायब्रिडची बॅटरी बहुधा एक-दोन युनिटांची असते. प्लग-इनची दहा ते वीस युनिटांची, आणि ती भिंतीतल्या विजेवर काठोकाठ भरली जाते.

तेव्हा आकडा फेकून द्या, दिरांची काळजी मात्र राहू द्या. रिकॉलकडे वळलो की ती कामाला येईल.

आता पाच तारे. ते कुणी दिले, कुठल्या वर्षी दिले आणि कुठल्या प्रकाराला दिले, एवढं विचारा. वर्षाचं महत्त्व पटायला फियाट पुंतोचं उदाहरण पुरेसं आहे. २००५ मध्ये युरो एनकॅप या युरोपातल्या धडक चाचणी संस्थेने तिला पाच तारे दिले. तीच गाडी जवळजवळ त्याच रूपात विकली जात राहिली, २०१७ मध्ये पुन्हा तपासली गेली आणि तिला शून्य तारे मिळाले. पत्रा बारा वर्षांत मऊ झाला नव्हता, परीक्षा कठीण झाली होती. २०२० पासून युरो एनकॅपच्या समोरासमोरच्या धडकेत गाडी आणि समोरचा १,४०० किलोचा फिरता अडथळा असे दोघेही ताशी ५० किलोमीटरने एकमेकांवर येतात. त्याआधी गाडी ताशी ६४ किलोमीटरने जागेवरच्या अडथळ्यावर आदळवत. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था २०२१ पासून बाजूने आदळणारा अडथळा जवळजवळ १,९०० किलोचा आणि ताशी ६० किलोमीटरचा वापरते. पूर्वी तो दीड हजार किलोचा आणि ताशी ५० चा होता. हे बदल कागदी वाटतील, पण आजचे पाच आणि २०१८ चे पाच या दोन वेगळ्या पदव्या आहेत. तुमची गाडी चार वर्षांची आहे, पण तारे गाडीच्या वयाचे नसतात, रचनेच्या वयाचे असतात. ती रचना बाजारात येऊन कदाचित सहा-सात वर्षं झाली असतील. युरो एनकॅप तर सहा वर्षांहून जुनं रेटिंग मुदत संपलेलं मानते.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. धडक चाचणीसाठी जास्त खपणारा प्रकार निवडला जातो, आणि बऱ्याचदा तो साधा पेट्रोल किंवा साधा हायब्रिड असतो. प्लग-इन प्रकारात जमिनीखाली किंवा मागच्या सीटखाली बॅटरीची पेटी येते, टाकीची जागा आणि आकार बदलतो, दोन-अडीचशे किलो वजन वाढतं. म्हणजे बाहेरून जुळी दिसली तरी खालून ती वेगळी गाडी असते. चाचणीच्या अहवालात हे तारे कुठल्या-कुठल्या प्रकारांना लागू आहेत त्याची यादी असते. ती उघडा आणि त्यात तुमचा प्रकार आहे का पाहा. कधी कंपनी प्लग-इन वेगळी तपासून घेते, जशी मित्सुबिशीची आउटलँडर पीएचईव्ही २०१३ मध्ये स्वतंत्रपणे तपासली गेली. कधी जादा पुरावे पाहून जुनेच तारे तिलाही लागू केले जातात, तेही चालेल. यादीत नावच नसेल, तर यजमानांना सांगा की पाच तारे शेजारणीच्या गाडीचे आहेत.

अहवाल उघडलाच आहे तर ताऱ्यांच्या खालच्या चार टक्केवाऱ्याही बघा: मोठी माणसं, मुलं, पादचारी-सायकलवाले आणि मदतनीस यंत्रणा. शेवटच्या रकान्यातली आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा तुमच्या गाडीत खरंच बसवलेली आहे का, की ती वरच्या मॉडेललाच मिळत होती, हे खात्रीने विचारा. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळ्या एअरबॅग घेऊन फिरते, यात नवल काही नाही.

रस्त्यावरच्या प्रत्यक्ष अपघातांची आकडेवारी खरं तर सगळ्यात मोलाची, पण तुमच्या कामाला ती कमीच येईल. आयआयएचएस दर काही वर्षांनी मॉडेलवार चालकांचे मृत्यू दहा लाख नोंदणी-वर्षांमागे (एक गाडी एक वर्ष नोंदलेली म्हणजे एक नोंदणी-वर्ष) किती ते प्रसिद्ध करते, मात्र त्यासाठी रस्त्यावर गाड्यांची संख्या भरपूर लागते. एखाद्या क्रॉसओव्हरचा प्लग-इन प्रकार सहसा तेवढा खपलेला नसतो. पेट्रोलवाल्या भावंडाचा आकडा मिळाला तर अंदाजासाठी बघा, त्यावर निर्णय बांधू नका.

आता रिकॉल. इथे थोडं बसून बोलू.

सात ही संख्या ऐकून दचकू नका. टायरच्या हवेचा दाब चुकीचा छापलेलं लेबल बदलणं हाही एक रिकॉल आणि उभ्या गाडीत आग लागणं हाही एकच रिकॉल. मोजणीत दोघांना सारखाच मान. उलट एकही रिकॉल नसलेली गाडी पाहिली की माझ्या मनात पहिली शंका येते ती अशी, की तिथे कुणी शोधलंय तरी का. म्हणून सातही रिकॉलचे मूळ कागद वाचा. बातमीवर भागवू नका. प्रत्येक कागदात काय बिघडतं, गाडी धावताना बिघडतं की उभी असताना, आधी इशारा मिळतो का, दुरुस्तीत भाग बदलतात की फक्त सॉफ्टवेअर, आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बनलेल्या गाड्या त्यात येतात, हे सगळं लिहिलेलं असतं. तारखांची ओळ कंटाळवाणी दिसते, पण खरी चावी तिच्यातच असते.

फोर्डची कुगा पाहा, तुमच्याच वर्गातली गाडी. २०१९ मध्ये युरो एनकॅपचे पाच तारे. ऑगस्ट २०२० मध्ये तिच्या प्लग-इन प्रकाराची विक्री थांबली आणि सुमारे २०,५०० गाड्या परत बोलावल्या गेल्या. कारण, चार गाड्या बॅटरी तापून पेटल्याचा संशय. मालकांना सांगितलं गेलं की गाडी चार्जिंगला लावूच नका. यात येत होत्या त्या २६ जून २०२० च्या आधी बनलेल्या गाड्या. दोष निघाला बॅटरीच्या सेलमध्ये: सेल बनताना आत अशुद्ध कण राहिले होते, त्यातून आतल्या आत शॉर्ट होऊ शकत होता. उपाय म्हणून बॅटरीचे संच बदलून दिले गेले. धडक चाचणीत यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्या चाचणीचा प्रश्न वेगळा असतो. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनेही जगभरातल्या सव्वीस हजारांहून जास्त प्लग-इन गाड्या परत बोलावल्या, त्यांत एक्स-वन आणि मिनी कंट्रीमॅनही होत्या. कारण जवळजवळ तेच, आणि सेल पुरवणारी कंपनीही तीच, सॅमसंग एसडीआय. बॉनेटवरचं चिन्ह वेगळं, देश वेगळा, दोष मात्र एकाच पुरवठादाराकडून आलेला. म्हणून 'अमुक कंपनीच्या गाड्या पेटतात' या वाक्यात फारसा अर्थ नसतो. पेटते ती सेलची एखादी तुकडी, आणि ती तुकडी उत्पादनाच्या तारखांवरूनच ओळखता येते. जूनमधली गाडी आणि त्याच रंगाची पुढच्या वर्षातली गाडी यांचा इतिहास एक नसतो.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि पुढचा भाग तुम्ही वाचलाच पाहिजे. कुगा अमेरिकेत एस्केप या नावाने विकली गेली. २०२४ च्या अखेरीस फोर्डने तिथल्या २०२० ते २०२४ या मॉडेल वर्षांच्या प्लग-इन एस्केप आणि तिची महागडी बहीण लिंकन कॉर्सेअर मिळून वीस हजारांवर गाड्याही रिकॉल केल्या. पुन्हा सेलमधला अंतर्गत शॉर्ट. जीपच्या फोर-एक्स-ई या प्लग-इन गाड्यांचंही असंच झालं. रँग्लर आणि ग्रँड चेरोकी, आकाराने मोठ्या पण तंत्र तेच. २०२४ मध्ये आगीच्या धोक्यामुळे रिकॉल झाला, सॉफ्टवेअरने तपासणी करून गरज पडेल तिथेच बॅटरी बदलायची असं ठरलं. २०२५ मध्ये आणखी मोठा रिकॉल आला आणि त्यात आधी 'दुरुस्त' झालेल्या गाड्याही होत्या. मालकांना पुन्हा तोच निरोप: चार्ज करू नका, इमारतीपासून दूर उघड्यावर उभी करा.

यावरून मी माझ्यापुरती एक पायरी ठरवून घेतली आहे. बॅटरीचा संच नवा बसवला असेल तर मी बऱ्यापैकी निर्धास्त. संशयित संच तोच ठेवून वर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं असेल, तर ती दुरुस्ती टिकते का हे कळायला वेळ जावा लागतो, आणि तो वेळ तुमच्या पार्किंगमध्ये जावा असं मला वाटत नाही. सॉफ्टवेअरची दुरुस्ती खोटी असते असं मुळीच नाही. ब्रेकच्या किंवा कॅमेऱ्याच्या रिकॉलमध्ये ती अगदी पुरी पडते. पण सेलच्या आत राहिलेला कण प्रोग्राम लिहून बाहेर निघत नाही.

आगीच्या धास्तीत लोक एका रिकॉलकडे दुर्लक्ष करतात: चालता चालता गाडीची ताकदच जाणं. प्लग-इनमध्ये इंजिन, मोटर, इन्व्हर्टर आणि बारा व्होल्टची साधी बॅटरी अशा सगळ्यांचा मेळ जमावा लागतो. एक कडी निखळली तर गाडी वेगवान रस्त्याच्या मधल्या लेनमध्येही हातपाय गाळू शकते. सात रिकॉलमध्ये असा एखादा असेल, तर बॅटरीच्या खालोखाल त्याला नंबर द्या. आणि चाचणीला गाडी चालवताना बारा व्होल्टच्या बॅटरीचं वय विचारा. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही ही धाकटी बसली की गाडी सुरूच होत नाही, कधी दारंही नीट उघडत नाहीत.

मालकांच्या तक्रारीही तुम्हाला सापडतील. त्या वाचा, पण तक्रार म्हणजे निष्कर्ष नव्हे. अमेरिकेत एनएचटीएसए ही सरकारी संस्था तक्रारी साठल्या की आधी प्राथमिक चौकशी करते, मग तांत्रिक विश्लेषण, आणि मग गरज असेल तर रिकॉल. तुमच्या मॉडेलची चौकशी सध्या उघडी असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत थांबण्यात तुमचं काही जात नाही.

आता मॉडेल सोडून त्या एका गाडीकडे या. विकणाऱ्याकडून सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मागा. काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या चौकटीवर तो असतोच. कंपनीच्या आणि सरकारी यंत्रणेच्या रिकॉल तपासणीत तो टाका. गाडी दुसऱ्या देशातून आलेली असेल, तर तिच्या मूळ देशातही तपासा. सातपैकी या गाडीला किती लागू होते, किती पुरे झाले, किती बाकी आहेत, हे तिथे कळेल. मग सर्व्हिस सेंटरचा कागद मागा, ज्यात बॅटरीच्या रिकॉलमध्ये नेमकं काय केलं हे लिहिलेलं असेल: संच बदलला, तपासून तोच ठेवला, की फक्त अपडेट दिलं. 'झालंय हो सगळं' हा कागद नव्हे. व्हीआयएन द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून मी सायकलसुद्धा घेणार नाही.

अपघातातून उठलेल्या प्लग-इन गाडीबद्दल मी जरा जास्तच कडक आहे. त्याला कारण आहे. मे २०११ मध्ये अमेरिकेत शेव्हरोले व्होल्टची बाजूने खांबावर धडक चाचणी झाली, आणि ती चाचणी झालेली गाडी तीन आठवड्यांनी, नुसती उभी असताना, पेटली. धडकेत बॅटरीच्या पेटीला इजा झाली होती आणि थंड ठेवणारा द्रव आत झिरपला होता. पुढे चौकशी झाली, २०१२ च्या जानेवारीत ती मिटली, आणि कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला. सांगायचं एवढंच की बॅटरीला लागलेला मार लगेच बोलेल असं नाही. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायला लावा. बॅटरीच्या पेटीच्या तळावर खड्डा, ओरखडा, नवा रंग, तिरके बोल्ट, यातलं काही दिसलं तर तिथेच नमस्कार करून निघा. नारिंगी रंगाच्या जाड तारा हाय व्होल्टेजच्या. त्यांच्या टोकांवर गंज नको. टोयोटाच्या २०१९ नंतरच्या रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणारी तार मीठ टाकलेल्या रस्त्यांमुळे गंजते हे पुढे आलं आणि कंपनीला तिची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. बघताना तारांना हात लावू नका, ते काम मेकॅनिकचं, आणि तेही हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्याचं.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी तर नकोच नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात खारं पाणी अमेरिकेतल्या नेवार्क बंदरात शिरलं आणि तिथे उभ्या असलेल्या फिस्कर कर्मा या सोळा प्लग-इन हायब्रिड जळून गेल्या. तिथे सुरुवात मोठ्या बॅटरीतून झालीच नव्हती, खाऱ्या पाण्याने साध्या व्होल्टेजच्या एका नियंत्रण पेटीत शॉर्ट झाला होता. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते. सीटखालचे धातूचे रूळ गंजलेले आहेत का, डिकीतल्या गालिच्याखाली कुबट वास येतो का, तेही बघा.

प्लग-इनचे आणखी दोन लहानसे स्वभाव. पहिला, ब्रेक. बराचसा वेग मोटरच परत खेचून घेते, त्यामुळे चकत्या कमी घासतात आणि न वापरल्याने गंजतात. मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा जोरात ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का पाहा. दुसरा, पेट्रोलची टाकी. इंजिन आठवडाभर सुरूच झालं नाही तर वाफ जाळणार कोण, म्हणून यातल्या बऱ्याच गाड्यांची टाकी बंदिस्त आणि दाबाखाली असते. भरण्याआधी बटण दाबून दाब उतरण्याची वाट पाहावी लागते. झाकण अडकत असेल किंवा गाडीभोवती पेट्रोलचा वास येत असेल तर ते 'जुन्या गाडीत चालायचंच' म्हणून सोडू नका. एकाच गाडीत पेट्रोलही आहे आणि साडेतीनशे व्होल्टच्या घरातली वीजही आहे.

गाडीबाहेरच्यांचाही विचार करा. विजेवर ती आवाज न करता सरकते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २०१३ ते २०१७ च्या अपघातांवरून असं दिसलं की अंतराच्या मानाने इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांची पादचाऱ्यांना धडक पेट्रोल-डिझेलच्या साधारण दुप्पट होती. दर दहा कोटी मैलांमागे ५.१६ विरुद्ध २.४०. त्यातल्या बहुतेक गाड्यांना कृत्रिम आवाजाची सक्ती नव्हती. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत तो आवाज बंधनकारक झाला. तुमची गाडी त्या उंबरठ्याच्या आसपासची असू शकते. तिला तो आवाज आहे का, ते पार्किंगमध्येच हळू चालवून ऐका. नसेल तर इमारतीच्या आवारात मुलं खेळत असताना जास्त जपावं लागेल.

सासूबाई आणि मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण जाहिरातीतले तारे वाचून मागच्या सीटचं नीट कळत नाही. २०२२ मध्ये आयआयएचएसने समोरच्या धडकेची चाचणी बदलली आणि चालकाच्या मागे लहान चणीच्या बाईएवढा किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढा पुतळा बसवला. पंधरा लहान एसयूव्ही तपासल्या. फक्त दोघींना 'चांगला' शेरा मिळाला आणि नऊ गाड्या थेट 'खराब' ठरल्या. त्यांत पुढच्या सीटसाठी नावाजलेल्या गाड्याही होत्या. पुढे बसणाऱ्यांच्या पट्ट्यांना झटक्यात आवळणारी आणि मग छातीवर दाब वाढला की थोडी सैल सोडणारी यंत्रणा असते. मागच्या पट्ट्यांना ती अनेक गाड्यांत नव्हती. आणि 'चांगला' शेरा मिळालेल्या दोघी कोण? व्होल्व्होची एक्ससी-४० आणि फोर्डची एस्केप. होय, तीच एस्केप, जिच्या प्लग-इन प्रकाराच्या बॅटरीबद्दल वर इतकं लिहिलं. मागच्या सीटला तिच्या वर्गात अव्वल आणि बॅटरीच्या बाबतीत कुगा-एस्केप मिळून दोनदा रिकॉल. अशी गाडी 'सुरक्षित' की 'असुरक्षित', असा एका शब्दात जबाब मागू नका, मिळणार नाही.

तुमच्या मॉडेलचा या चाचणीतला शेरा शोधा. मागच्या पट्ट्यांना आवळणारी यंत्रणा आहे का ते विचारा. मुलीची उंची १३५ ते १५० सेंटिमीटरच्या दरम्यान पोचेपर्यंत तिला बूस्टर हवाच, नाहीतर पट्टा मानेवर आणि पोटावर येतो. सासूबाईंसाठी डोकं टेकायची उशी वर ओढून ठेवा आणि पट्टा पोटावरून न घेता कंबरेच्या हाडावरून घ्यायला सांगा. त्यांना तो काचतो म्हणून काखेतून घेतात का, तेही बघा. बऱ्याच आजी घेतात.

मग घ्यायची का? तारे प्लग-इन प्रकाराला लागू असतील, बॅटरीचा रिकॉल या गाडीला लागूच नसेल किंवा संच बदलल्याचा कागद असेल, बाकीचे रिकॉल पुरे झालेले असतील आणि तळ स्वच्छ असेल, तर घ्या. बॅटरीचा रिकॉल उघडा असेल आणि दुरुस्ती अजून उपलब्धच नसेल, तर कितीही स्वस्तात मिळाली तरी सोडा. मधली अवस्था, म्हणजे संच जुनाच आणि सॉफ्टवेअर नवं, अशी असेल तर मी दुसरी गाडी बघेन. तुमच्याकडे गाडी इमारतीपासून दूर उघड्यावर उभी करायची सोय असती तर कदाचित वेगळं बोललो असतो, पण तुमचं पार्किंग घराखाली आहे.

राहिलं रात्रीचं चार्जिंग. घरगुती आगींच्या दृष्टीने मला गाडीइतकीच भीती भिंतीतल्या सॉकेटची वाटते. चौदा युनिटांची बॅटरी साध्या सॉकेटवर भरायला सहा-सात तास लागतात, आणि एवढा वेळ सलग दहा अँपिअर ओढणारं घरात दुसरं फारसं काही नसतं. चार्जिंगसाठी फ्यूज बॉक्सपासून वेगळी लाइन ओढून घ्या, अर्थिंग मोजून घ्या, ३० मिलिअँपिअरला तुटणारं गळती-संरक्षण बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नको, मल्टिप्लग नको, वायरचं वेटोळं करून ठेवणं नको. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर चार्जिंग बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गाडीत किंवा चार्जरवर करंट कमी करायची सोय असते, तोवर आठ अँपिअरवर भागवा, रात्र मोठी असते. आणि कधी खालून धूर किंवा सतत सुईसुई आवाज आला, तर विझवायला वाकू नका. सगळ्यांना बाहेर काढा, जमलं तर लांबून मेन स्विच बंद करा आणि अग्निशमन दलाला फोनवरच सांगा की गाडी प्लग-इन हायब्रिड आहे. त्यांना पाणी भरपूर आणि बराच वेळ मारावं लागतं, आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते म्हणून ती गाडी नंतर इतर गाड्यांपासून लांब ठेवावी लागते.